भट्टी थंड आहे

२ एप्रिल

ताई,

तुझं बारावं पत्र आज सकाळी माझ्या टेबलावर आलं. खुशाली विचारत नाही. ती विचारायची वेळ कधीच गेली.

हो, माझ्या टेबलावर. मोठ्या टपाल कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसरं. सहा वर्षं मी इथे बसते. या टेबलाला सगळे 'जुने पत्ते' म्हणतात. शहरातल्या आळ्यांची नावं जाऊन आकड्यांचे विभाग झाले, पण लोकांच्या हातांना ते अजून कळलेलं नाही. ते लिहितात, दोरवाल्यांचा बोळ, हिरव्या दारासमोर. शाईवाल्यांची आळी, बहिऱ्या डॉक्टरांच्या वर. मेणवाल्यांची चढण, पूर्वी गिरणी होती तिथून डावीकडे. हे शहर राजधानी होतं तेव्हा राजानं एकेका कामाला एकेक आळी दिली होती. नावं गेली, पत्ते राहिले. अशी पत्रं खाली वर्गीकरणात अडकतात आणि वर माझ्याकडे येतात. मी लाकडी खणांतली कार्डं काढते, कोण कुठे राहायला गेलं ते शोधते आणि लाल पेन्सिलनं नवा विभाग, इमारत, मजला लिहिते. मागच्या आठवड्यात 'चष्मेवाल्याच्या वरच्या मावशीला' एवढ्या पत्त्यावरून मी एक पाकीट विभाग अकरामध्ये पोचवलं. पोस्टमन सांगत होता, मावशी पाकीट छातीशी धरून दारातच बसल्या.

काम मला येतं, एवढं तुला कळावं म्हणून हे सांगितलं. कारण 'घंटाआळी, विहिरीजवळ, आईस' हा पत्ता मला कुठल्याच खणात शोधावा लागत नाही. त्या पत्त्यावरची बाई रोज सकाळी माझ्या हातचा चहा पिते आणि साखर कमी आहे म्हणते.

तरी तुझी अकराच्या अकरा पत्रं मी परत पाठवली. न उघडता. 'असा पत्ता नाही' हा निळा शिक्का तू अकरा वेळा पाहिला असशील. शिक्का पाकिटावर नेमका कुठे मारायचा, हे नियमात लिहिलेलं नाही. मी तो 'आईस' या शब्दावर मारते. नीट, दाबून, शाई चांगली भिजवून.

आणि खोटं काय आहे त्यात? असा पत्ता नाहीच. तूच तो पुसलास. हे टेबलही नव्या शहररचनेच्या तुझ्याच अहवालातून निघालंय, माहितीये? शेवटच्या पानावर तुझी शिफारस आहे. 'जुन्या नावांनी येणाऱ्या पत्रांसाठी टपालात एक स्वतंत्र टेबल असावं.' किती काळजी होती तुला पत्रांची. माणसांसाठी असं एखादं टेबल सुचलं नाही.

पण हे बारावं परत पाठवता येत नाही. पाकिटाच्या मागे तू आपला पत्ताच लिहिलेला नाहीस. पाठवणाऱ्याचा पत्ता नसला तर पत्र एकवीस दिवस ठेवायचं. तेवढ्या दिवसांत साक्षीदारासमोर उघडून आत काही धागादोरा मिळतो का ते बघायचं. नाहीतर बाविसाव्या दिवशी नष्ट करायचं.

तुझा पत्ता मला पाठ आहे. पण टेबलाला तो माहीत नाही, आणि मी टेबलाचं काम करते. आज पहिला दिवस.

हे तुला पाठवेन की नाही, ठरवलेलं नाही.

धाकटी

५ एप्रिल

ताई,

आईबद्दल एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मुद्दामच राहिली होती.

तिची नजर चाललीय. आधी कडेकडेनं गेली, आता मधे तेवढं एक भोक उरलंय. ती म्हणते, "किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं गं. बरंच आहे, घरातला पसारा दिसत नाही." डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, जूनपर्यंत. त्यानंतर उजेड आणि अंधार एवढंच कळेल.

तू अठरा वर्षं तिला दिसलेली नाहीस. तुझं नाव ती घेत नाही. बाबा गेले त्या दिवशी म्हणाली होती, "ती आली तर दार उघडायचं नाही," आणि तो शब्द तिनं पाळला. फोन बदलला तेव्हा नवा नंबर तुला मिळू नये हे मी पाहिलं. पण गेल्या दोनेक वर्षांपासून मी कचेरीतून आले की ती विचारते, "आज टपालात काय होतं?" मी सांगते, अमक्याचं पत्र, तमक्याचं पत्र. ती ऐकते. सगळं सांगून झालं तरी थोडी थांबते. मग म्हणते, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणते.

आता माझा बेत ऐक. जून उजाडू दे. तिच्या डोळ्यांतलं ते भोक बुजू दे. मग मी तुला नवा पत्ता लिहीन. विभाग चौदा, इमारत क, चौथा मजला. तू धावत येशील. ती दाराकडे तोंड करून बसलेली असेल, तू समोर उभी असशील, आणि तिला तू दिसणार नाहीस. तुझे पिकलेले केस, काय असतील त्या सुरकुत्या, काहीच नाही. तुला मात्र ती नीट दिसेल. ती तुझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत असेल.

मला तेवढंच हवंय. समोर असून नसल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तुला कळावं. आख्ख्या आळीचं तू तेच केलंस.

 

९ एप्रिल

ताई,

आज जेवणाच्या सुट्टीत आपल्या आळीत जाऊन आले. म्हणजे रस्त्यावर. सहा पदरी आहे, सरळ, एका टोकाकडून दुसरं टोक दिसतं. विहिरीच्या जागी दिव्याचा खांब आहे. मी त्याला हात लावून उभी होते तर वाहतुकीचा शिपाई ओरडला, "ओ बाई, इथे काय देऊळ आहे का?"

नकाशावर तू मारलेल्या रेघेच्या पलीकडे जतन केलेलं जुनं शहर. दोरवाल्यांच्या बोळात आता दोर विकणारं एकही दुकान नाही, पण दगड तेच आहेत आणि भिंतीवर माहितीची पाटी आहे. शाईवाल्यांच्या आळीत पर्यटक फोटो काढतात. सगळ्या आळ्या आत, एक आपली बाहेर. तुझ्या अहवालातलं ते वाक्य मला तोंडपाठ आहे. 'घंटाआळीत चालू भट्ट्या शून्य असून पारंपरिक व्यवसाय संपुष्टात आल्याने जतनमूल्य आढळत नाही.'

शून्य! घंटा ओतायच्या अठरा भट्ट्या होत्या, ताई. तू त्यांतल्याच एकीच्या उबेला अभ्यास केलास. हिवाळ्यात तुझी वही भट्टीच्या भिंतीला टेकलेली असायची, कोपरे तपकिरी व्हायचे. तुझ्या मास्तरीणबाई विचारायच्या, घरी वह्या भाजता का तुम्ही?

आणि भट्ट्या किती, असं कोणी विचारलं तर आपल्याकडे काय सांगायचे, हे तुला मी सांगायला हवं का? राजाच्या काळात लढाई लागली की शिपाई यायचे, पेटत्या भट्ट्या मोजायचे आणि तेवढी माणसं तोफा ओतायला घेऊन जायचे. गेलेले परत येत नसत. तेव्हापासून हातात कागद असलेला कोणीही माणूस आळीत आला, की एकच उत्तर, 'भट्टी थंड आहे.' आपण स्वतःचं नाव सांगायच्या आधी ते शिकलो. बाबा तर घामानं निथळत, काळ्या तोंडानं, हातात पळी घेऊन दारात यायचे आणि पाणीपट्टीवाल्यालाही तेच सांगायचे. तो बिचारा कपाळ पुसत म्हणायचा, "हो हो, कळलं, थंड आहे. जरा सावलीत उभं राहू का?"

आळी पाडायची नोटीस लागली तेव्हा आळीतले सगळे तुझ्या कचेरीत आले होते. खालच्या साहेबांना समजावत होते, अहो, ते म्हणायची रीत आहे. साहेब हसले. म्हणाले, "कागदावर शून्य आहे. तुम्हीच दिलंय." त्या वेळी तू वर खिडकीत उभी होतीस. बाबांनी तुला पाहिलं. त्यांनी हात वर केला. तू आत गेलीस.

चौथ्या मजल्यावर बाबा सात महिने जगले. करायला काही नव्हतं. स्टीलच्या पेल्यांवर चमच्यानं टिचकी मारून कान लावायचे. लिफ्टची घंटा वाजली की तोंड वाकडं करून म्हणायचे, "खोटी." शेवटच्या दिवशीही ती वाजली. ते काही म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं.

आळीत सगळे एकच बोलत होते. त्या शिकलेल्या पोरीनंच शून्य घातलं, तिला रस्ता सरळ हवा होता. आईचंही तेच म्हणणं. अजून तेच आहे.

१४ एप्रिल

ताई,

आमच्याकडे शिक्क्यांच्या कपाटाची किल्ली एका म्हाताऱ्या माणसाकडे असते. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, आम्ही त्यांना शिक्केकाका म्हणतो. पत्र उघडायचं तर साक्षीदार तेच. आज ते चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि ट्रेमधलं तुझं पाकीट दोन बोटांनी उचललं.

"बाई, हे बारावं की तेरावं?"

"तुम्हाला काय माहीत?"

"अक्षर तेच आहे. पत्ता तोच. आधीची अकरा तुम्ही परत केलीत. मी शिक्क्याला शाई देतो, बाई, आंधळा नाहीये." मग म्हणाले, "घंटाआळी तुम्हाला सापडत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा? तुम्ही मागे 'बोक्याच्या मालकिणीला' पत्र पोचवलंत."

"बोका प्रसिद्ध होता, काका."

"हं. आणि ही आई?"

मी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं आणि पेन्सिलला टोक करायला लागले. टोक आधीच होतं. ते बघत राहिले.

"जाड आहे," ते म्हणाले. "आत घडी घातलेला कडक कागद आहे. कचेरीतला. जुना. असा कागद आता मिळत नाही. उघडायचं कधी?"

"अजून दिवस आहेत."

"दिवस मोजायला कॅलेंडर आहे, बाई. तुम्ही कशाला मोजताय?"

कागद कडक आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाकीट हातात घेतलं आणि परत ट्रेमध्ये ठेवलं. तुझ्या आधीच्या पत्रांत तसलं काही नव्हतं, ती मऊ होती. अकरा वेळा माझा हात सरळ शिक्क्याकडे गेला. या वेळी जात नाही.

मला भीती वाटते असं समजू नकोस. मी फक्त नियमाप्रमाणे थांबलेय.

१८ एप्रिल

ताई,

आज रविवार. आईच्या डोळ्यांत औषध घालून झालं, ती पाच मिनिटं मिटून बसली होती. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "धाकटे, हल्ली तू काय लिहीत असतेस गं?"

"कचेरीचं."

"रविवारी?"

मी औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"बाबांना तुझं अक्षर आवडायचं," ती म्हणाली. "फक्त शून्य म्हणे तुला येत नाही. वरून उघडं सोडतेस. त्यातून वारा जातो म्हणायचे."

मी उठून गॅलरीत गेले. इथून पुढचं तिथेच लिहितेय, उभ्याउभ्या, कठड्यावर कागद ठेवून. अक्षर वाईट आलंय.

तो ओतायचा दिवस होता. मोठी घंटा, साचा आदल्या दिवशी पुरलेला. बाबा आणि आई दोघंही भट्टीपाशी, वितळलेल्या धातूची मूस उतरायच्या बेतात, अशा वेळी कोणाला हाक मारायची सोय नसते. दारात एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फळीला लावलेला कागद. आळीसाठी एकच कागद होता आणि बाबा आळीचे मुखत्यार म्हणून तो आमच्या दारी आला. "घरातल्या माणसानंच भरायचा आणि सही करायची," तो म्हणाला. मी बावीस वर्षांची होते. ऊब दारापर्यंत येत होती, त्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. चालू भट्ट्या किती, या रकान्यात मी शून्य लिहिलं. तो म्हणाला, "नक्की?" मागे भट्टी घुमत होती. मी म्हटलं, "नक्की." हसू येत होतं मला. वाटलं, किती छान फसवलं.

घंटा ओतून झाल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास. पोरगी तयार झाली."

मग नोटीस आली, आणि आळीत सगळे म्हणाले, ताईनं घातलं शून्य. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं नाही, मरेपर्यंत नाही. पेल्यांवर टिचक्या मारत बसायचे, पण माझं नाव घेतलं नाही. आईला माहीत नाही. आजही माहीत नाही.

झालं, लिहिलं.

पण तू खूश होऊ नकोस. तुझा हिशोब यानं मिटत नाही. मी ते शून्य एका अनोळखी माणसाला सांगितलं. तो आळीतला नव्हता, त्यानं खरं मानलं तर त्याचा काय दोष. पण कागद पुढे तुझ्यासमोर आला ना? तू आळीतली. तुला ते वाचताच हसू यायला हवं होतं. लाल पेन्सिल घेऊन तिथे अठरा लिहायला हवं होतं. मी एवढी वर्षं परक्यांच्या चुकलेल्या पत्त्यांवर हेच करते, ताई. लोक चुकीचं लिहितात, आणि मला खरं माहीत असतं म्हणून मी ते दुरुस्त करते. याला मोठी अक्कल लागत नाही. फक्त मान वर करून तिथेच थांबावं लागतं.

२२ एप्रिल

ताई,

एकविसावा दिवस. संध्याकाळी चारला शिक्केकाका स्वतःच खुर्ची घेऊन आले. म्हणाले, "उद्या हे कापायच्या यंत्रात टाकायला मला नका सांगू. माझ्याच्यानं होणार नाही."

मी पातळ सुरीनं पाकीट उघडलं.

आत तो कागद निघाला. रकान्यांचा, पिवळा पडलेला, वरच्या कोपऱ्यात टाचणीचा गंज. काकांनी नियमाप्रमाणे तो आधी वाचला. चालू भट्ट्या, शून्य. खाली सही. मग त्यांनी माझ्या टेबलावरची नोंदवही जवळ ओढली, आजच्या तारखेवर बोट ठेवलं, बोट कागदावर नेलं, पुन्हा वहीवर आणलं.

"वरून उघडं," ते म्हणाले.

"हो."

"तुमचं आहे."

"हो, काका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नोंदवहीत साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. "धागादोरा मिळाला, असं लिहा," म्हणाले, आणि खुर्ची उचलून गेले. जाताना कपाटाला कुलूप लावायला विसरले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुझी चिठ्ठी मी ते गेल्यावर वाचली. इथे उतरवून काढतेय. तू लिहिलेलं तुझ्यासमोर माझ्या अक्षरात असावं.

'धाकटे, परत आलेल्या पाकिटांवर पेन्सिलीनं तारीख असते. त्यातलं शून्य मी अकरा वेळा बघितलं. तूच आहेस. म्हणून या वेळी मागे पत्ता लिहीत नाही, तुला उघडावंच लागेल. हा कागद मी तेव्हा फाइलमधून काढून घेतला. अठरा वर्षं कोणाला दाखवला नाही. तो चांगुलपणा नव्हता. दाखवला असता तर कोणीतरी विचारलं असतं, की तू तर तिथलीच, तुला माहीत नव्हतं का ते असंच सांगतात? मला माहीत होतं. वाचलं तेव्हाच कळलं. आणि मी पुढचा कागद घेतला, कारण मला ती रेघ सरळ हवी होती. घंटाआळीपाशी तिला वळण द्यावं लागलं असतं. बाबांनी हात वर केला तो मला दिसला होता. हा कागद फाड नाहीतर आईला दाखव. मला तिला एकदा बघायचं आहे.'

अठरा वर्षं मला हेच हवं होतं. तू स्वतःच्या हातानं लिहून द्यावंस, मला माहीत होतं म्हणून. आता ते टेबलावर पडलंय आणि मला त्याचं काय करू ते समजत नाही. वाटलं होतं, वाचून गार वाटेल. उलट तुझाच राग आला, की तू आधी का नाही लिहिलंस. मग आठवलं, आधी कदाचित लिहिलंही असशील. अकरा वेळा.

मी कागद पर्समध्ये टाकला. घरी येईपर्यंत दोनदा बस चुकवली.

२३ एप्रिल

ताई,

आज कचेरीत गेले नाही. सकाळी चहा झाल्यावर आईच्या समोर बसले. गॅलरीतून ऊन येत होतं. त्या वेळेला तिला त्यातल्या त्यात बरं दिसतं.

"काल टपालात काय होतं, ते विचारलं नाहीस," मी म्हटलं.

"तू आल्या आल्या तोंड फिरवून झोपलीस. म्हटलं, असेल काहीतरी."

"ताईचं पत्र होतं."

तिनं कप खाली ठेवला. बशी चुकली, कप टेबलावर ठेवला गेला.  मी चिठ्ठी वाचून दाखवली, सगळी, मधलं काही न गाळता. मग कागद तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, इकडेतिकडे सरकवत सरकवत त्या भोकात शून्य आणलं. बराच वेळ तिथेच धरून ठेवलं.

"हे तिचं नाही," ती म्हणाली.

"नाही. माझं आहे."

"कोणता दिवस होता?"

"मोठी घंटा ओतली तो."

"मग मी आत होते. भट्टीपाशी." तिनं कागद खाली घेतला. "मीच आतून ओरडले असेन, थंड आहे म्हणून सांग. मी नेहमी ओरडायची. तू पोर होतीस, तू काय करणार?"

ताई, ती मला वाट करून देत होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही, आई. तू काही बोलली नव्हतीस. मीच लिहिलं. आणि सगळे ताईला बोलत होते तेव्हा मी गप्प बसले."

खाली कोणीतरी लिफ्ट बोलावली. घंटा वाजली. आम्ही दोघींनी ऐकली.

"अठरा वर्षं," आई म्हणाली, "निम्मा राग मी चुकीच्या पोरीवर काढला. कोणत्या निम्म्याचा कोणावर, ते आता कुठे शोधू? तुझ्या त्या खणांत कार्ड आहे का त्याचं?"

मला रडू आलं. तिनं जवळ घेतलं नाही. हात पुढे केला, तो माझ्या खांद्याच्या जरा बाजूला गेला, आणि मग तिनं तो मागे घेतला. मी तुझ्यासाठी जो क्षण राखून ठेवला होता, तो मला मिळाला, ताई. अगदी जसाच्या तसा. तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता लपवाछपवीचा कंटाळा आलाय.

आणि अकरा पत्रांचंही सांगितलं. त्यावर ती जास्त चिडली. "परत केलीस? अगं, उघडून ठेवून तरी द्यायचीस! एवढं शिकून परत कसली करतेस!" दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवताना म्हणाली, "साखर कमी होती सकाळी," म्हणजे बोलायला लागली.

मग म्हणाली, "कागद-पेन आण. तिला लिही."

"काय लिहू?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, मोठं काहीतरी सांगणार. ती म्हणाली, "लिही, भट्टी थंड आहे."

"एवढंच?"

"एवढंच. अजून आळीतली असेल तर वाचेल नीट. नसेल तर मागच्या वेळेसारखं खरं धरून घरी बसू दे."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काय होतं ते सांगता येणार नाही. पाणीपट्टीवाला दारात आला की बाबांच्या चेहऱ्यावर असायचं, तसलं काहीतरी.

मी तुला माफ केलेलं नाही. तुझी ती सरळ रेघ मी कधी विसरणार नाही, आणि तू माझं शून्य विसरावंस अशी माझी अपेक्षा नाही. पण आता आईच्या नजरेतलं ते एक भोक उरलंय आणि जून यायला पाच आठवडे आहेत. डॉक्टरांचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो म्हणे.

सगळी पत्रं एकत्र पाठवतेय, तारखांप्रमाणे लावून. पाकिटाच्या मागे आमचा पत्ता लिहिलाय. विभाग चौदा, इमारत क, चौथा मजला. लाल पेन्सिलनं, म्हणजे अंधुक दिसलं तरी वाचता येईल. तुला परत पाठवायचं असेल तर पाठव. तुझ्याकडे शिक्का नसेल, हातानं लिही, 'असा पत्ता नाही.' कुठे लिहायचं ते नियमात नाही. माझ्या नावावर लिहिलंस तरी चालेल.

आईचा निरोप मात्र वरच्या कागदावर वेगळा ठेवलाय. तो आधी वाच. तीनच शब्द आहेत, आणि ते तुला वाचता येतात, हे आता तूच लिहून दिलंयस.

धाकटी